रद्दीत जाण्याआधी: मुलांच्या स्पीच थेरपीसाठी घरात येणारा फुकटचा कागद

पुण्यात रविवारचा पेपर उघडला की बातम्यांच्या आधी पत्रकं खाली पडतात. सुपरमार्केटचा सेल, पोळीभाजी केंद्र, गुडघेदुखीवर इलाज, वाघोलीचे फ्लॅट, आठवी ते दहावीचे क्लास. आपण ती न वाचताच रद्दीवर टाकतो. पण ज्या घरातलं मूल उशिरा बोलतंय, किंवा बोलतंय पण ‘काकडी’ला ‘तातडी’ म्हणतंय, त्या घराने रद्दीची घाई करू नये.

मी लहान मुलांची स्पीच थेरपी करते. ‘घरी सराव घ्या’ असं सांगितलं की दुसऱ्या दिवशी बरेच पालक लक्ष्मी रोडवरून किंवा ऑनलाइन फ्लॅशकार्डांचे तीन-चार संच आणतात. ते संच बहुधा इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने केलेले असतात. त्यात इग्लू असतो, झायलोफोन असतो. मराठीतल्या ‘ळ’साठी किंवा ‘ण’साठी मुद्दाम निवडलेली चित्रं नसतात, शेपू नसतो, मुळा नसतो. शिवाय इग्लू हा शब्द मुलाने कार्डावर शिकला तरी आयुष्यात पुन्हा कधी वापरायचा? पत्रकावरचा मुळा मात्र संध्याकाळी ओट्यावर येतो, रात्री ताटात येतो आणि ‘मला नको’ म्हणायच्या कामीही येतो. फुकटच्या कागदाचा खरा फायदा पैसे वाचण्यात नाही, तो इथे आहे. शब्द कागदावरून उठून घरात फिरतो.

हा लेख आई-बाबांसाठी आहे, दुपारभर नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी आहे, आणि इंटर्नशिपला नुकत्याच लागलेल्या विद्यार्थ्यांसाठीही आहे.

कात्री हातात घेण्याआधी

बोलण्याची कुठलीही तक्रार असो, पहिली तपासणी कानांची. ‘हाक मारली की बघतो, ऐकू येतं त्याला’ हे वाक्य मी रोज ऐकते. कमी ऐकू येणारं मूलसुद्धा मोठ्या हाकेला वळतं, मिक्सरच्या आवाजाने दचकतं. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचत नसतील तर ते बोलण्यात कुठून येणार? वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि काही आठवडे ऐकू येणं कमी होतं, हेही पुष्कळदा लक्षात येत नाही. अगदी लहान मुलाचीही तपासणी करता येते. ओएई आणि बेरा या चाचण्यांमध्ये मुलाने उत्तर द्यावं लागत नाही, बेरा तर ते झोपलेलं असतानाच करतात.

दीड वर्ष झालं तरी एकही शब्द नाही, दोन वर्षं झाली तरी ‘दूध दे’, ‘बाबा गेले’ असे दोन शब्द जोडले जात नाहीत, नावाने हाक मारली तरी नजर वळत नाही, किंवा आलेले शब्द गेले, यातलं काहीही असेल तर थांबू नका. ‘याचा बाबाही उशिरा बोलला होता’ हे खरं असेलही, पण ती तपासणी नव्हे. थेरपिस्टची पात्रता विचारायला लाजू नका. 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते आणि प्रत्येकाला नोंदणी क्रमांक मिळतो. पुण्यात भारती विद्यापीठात या विषयाचं स्वतंत्र महाविद्यालय आहे. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाबद्दल विचारा. 2013 पासून चालू असलेल्या या योजनेत जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि गरज असेल तर पुढे पाठवतात.

खाली जे सांगते ते थेरपीच्या जोडीला करायचं आहे, तिच्याऐवजी नाही.

पहिली पायरी: खोका भरा

मिठाईचा एक रिकामा खोका घ्या आणि दोन-तीन आठवडे नुसतं गोळा करा. सुपरमार्केटची पत्रकं सगळ्यात मोलाची. त्यात भाज्या, फळं, डाळी, साबण, बिस्किटं सगळं रंगीत आणि खऱ्या फोटोंत असतं. लहान मुलाला कार्टूनच्या सफरचंदापेक्षा फोटोतलं सफरचंद लवकर ओळखू येतं, कारण ते खऱ्यासारखं दिसतं. मग हॉटेलांची पार्सलची मेन्यूकार्डं, बसची तिकिटं, बँकेचं किंवा औषधाच्या दुकानाचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर, बिल्डरांची चकचकीत माहितीपत्रकं, लग्नपत्रिका, गणेश मंडळाची कार्यक्रमपत्रिका, टूथपेस्ट-चहा-अगरबत्तीची रिकामी खोकी. जूनमध्ये वरच्या वर्गात गेलेल्या शेजारच्या मुलांची पहिली-दुसरीची पुस्तकं मिळाली तर तीही ठेवा. ही पुस्तकं काढणारी बालभारती 1967 पासून आपल्या पुण्यातच आहे आणि तिच्या पुस्तकांतली गावं, घरं, माणसं ओळखीची वाटतात.

शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. एकाच पत्रकाच्या दोन प्रती मिळाल्या की खेळ दुप्पट होतात, ते पुढे येईलच. रद्दीच्या गठ्ठ्यावर घरातल्या आजोबांची सत्ता असेल तर त्यांची आधी परवानगी घ्या, नाहीतर थेरपीपेक्षा मोठा विषय होऊन बसेल.

दोन काळज्या. पत्रिकांवर आणि पावत्यांवर नावं, पत्ते, मोबाइल नंबर असतात. कागद क्लिनिकमध्ये किंवा शाळेत नेणार असाल तर तेवढा भाग कापून टाका. दुसरी, शाईची. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळू नयेत असं अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगतं ते याच शाईमुळे. मूल अजून सगळं तोंडात घालत असेल तर कागद त्याच्या हातात द्यायचा नाही. स्टेपलच्या पिना पहिल्या दिवशीच काढा.

दुसरी पायरी: कापा, पण थोडंच

एका पत्रकावर चाळीस-पन्नास चित्रं, त्यांवर लाल-पिवळे किमतीचे गोळे, ‘एकावर एक फ्री’चे बाण. भाषा शिकणाऱ्या लहान मुलाला एवढ्या गर्दीत काय बघायचं ते कळत नाही. म्हणून तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी चित्रं सुटी करा आणि एका वेळी चार-पाचच बाहेर काढा. किमतीचा गोळा चित्राला चिकटलेला असेल तर तोही छाटा.

पाठीला जाड कागद लागतो, त्याला लग्नपत्रिकेसारखा कागद नाही. चित्र चिकटवायचं आणि वरून रुंद सेलोटेप लावायची. लॅमिनेशनच्या नादी लागू नका. चित्र फाटलं, हरवलं, चावलं तर पुढच्या रविवारी दुसरं येतंय. पन्नास रुपयांचं कार्ड मुलाच्या हातात देताना आपलं अर्धं लक्ष कार्डाकडे असतं. पत्रक देताना ते सगळं मुलाकडे असतं, आणि थेरपीत तेच लागतं.

बिस्किट, तेल, डिटर्जंट अशा वस्तूंच्या बाबतीत पत्रकावर वस्तू दिसत नाही, पाकीट दिसतं. ते कापून टाकू नका. अक्षर न येणारं मूलसुद्धा आपल्या आवडत्या बिस्किटाचा पुडा बरोबर ‘वाचतं’. छापलेल्या खुणेला अर्थ असतो हे त्याला तिथेच कळतं, आणि वाचनाची सुरुवात तिथून होते.

मोठ्या, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाला अख्खं पत्रक द्या. कात्रीही त्यालाच द्या, लहान मुलांची, बोथट टोकाची. कापता कापता ते जे बोलतं ते आपण बसवलेल्या सरावापेक्षा बहुतेक वेळा चांगलं असतं.

तिसरी पायरी: काय साधायचंय ते एक ठरवा

थेरपिस्टने या महिन्यासाठी काय दिलंय ते विचारून घ्या. ढोबळमानाने तीन प्रकार असतात.

*मूल अजून शब्द बोलत नसेल.* इथे काम मागण्यापासून सुरू होतं. बिस्किटाच्या वेष्टनाचा तुकडा आणि दुधाच्या पेल्याचं चित्र, अशी दोनच चित्रं समोर धरा. ‘बिस्किट की दूध?’ मुलाने बोट दाखवलं, नुसतं बघितलं, चित्र उचलून तुमच्या हातात दिलं, तरी ते उत्तर आहे. लगेच वस्तू द्या आणि शब्द म्हणा: ‘बिस्किट. घे, बिस्किट.’ ‘आधी म्हण, मग देते’ हा सौदा करू नका. चित्रांची सवय लागली तर ते कधी बोलणारच नाही, ही भीती बहुतेक घरांत असते. अनुभव आणि अभ्यास दोन्ही उलट सांगतात. आपलं म्हणणं समोरच्याला कळतं हे मुलाला पटलं की आवाजही यायला लागतो.

*शब्द आहेत, पण वाक्य होत नाही किंवा व्याकरण घसरतं.* इथे भाजीचं पत्रक म्हणजे मराठी व्याकरणाचं अख्खं पुस्तक आहे, आणि ते कुठल्याही इंग्रजी संचात मिळणार नाही. आपल्या भाषेत वस्तूचं लिंग बदललं की सोबतचे शब्द बदलतात. हिरवा वाटाणा, हिरवी मिरची, हिरवं कलिंगड. ही तीन चित्रं शेजारी ठेवा आणि फक्त रंग बोला. दुसऱ्या दिवशी त्याच चित्रांनी दुकान मांडा: मला वाटाणा हवाय, मला मिरची हवीये, मला कलिंगड हवंय. तिसऱ्या दिवशी एकाचे अनेक: कांदा-कांदे, काकडी-काकड्या, वांगं-वांगी. पत्रकात एकेक नग क्वचितच असतो, ढीगच असतो. त्यामुळे एका नगाचं चित्र मुद्दाम शोधावं लागतं आणि तो शोधही खेळच होतो.

त्याच्या पुढची पायरी विभक्तीची. ‘वांग्याचं भरीत’, ‘काकडीची कोशिंबीर’, ‘गाजराचा हलवा’, ‘आंब्याचा रस’. मुलं ‘आंबाचा रस’, ‘वांगंचं भरीत’ म्हणतात. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाने असं म्हटलं तर घाबरायचं कारण नाही, नियम लावायचा प्रयत्न चाललाय असं समजा. भाज्यांची चित्रं डावीकडे, मेन्यूकार्डातून कापलेले पदार्थ उजवीकडे, आणि मध्ये दोरा टाकून जोड्या लावा. जोडी लागली की तुम्ही म्हणायचं, ‘हं, वांग्याचं भरीत.’ मुलाकडून वदवून घ्यायचं नाही. पाच-सात जोड्यांत ‘वांग्याचं’, ‘आंब्याचा’ असं रूप त्याच्या कानावर इतक्या वेळा पडतं की एखाद्या दिवशी तोंडातून आपोआप निघतं.

*आवाज चुकतात.* याला वेगळा भाग लागेल.

चौथी पायरी: आवाजांची शिकार

आवाज कसा काढायचा, जीभ कुठे लावायची, हे थेरपिस्टचं काम आहे. घरी आरशासमोर जीभ धरून शिकवायला जाऊ नका. आवाज सुटा जमायला लागला की मग कागदाची पाळी येते. आधी सुटा आवाज, मग अक्षर, मग शब्द, मग दोन शब्द, वाक्य आणि शेवटी गप्पा, असा हा जिना आहे. शब्दाच्या पायरीवर वाणसामानाचं पत्रक फार उपयोगी पडतं.

‘ळ’ घ्या. मराठीत ‘ळ’ने एकही शब्द सुरू होत नाही. ‘ण’चंही जवळपास तसंच. त्यामुळे ‘सुरुवातीचा ळ’ शोधत बसू नका. पण मधला आणि शेवटचा ळ मोजायला एक पत्रक पुरे: डाळ, तांदूळ, गूळ, तीळ, नारळ शेवटी, आणि भोपळा, मुळा, आवळा, केळं मध्ये. ‘ण’साठी लसूण, साबण, लोणी, लोणचं, कणीक, शेंगदाणे. क: कांदा, कोथिंबीर, कारलं, कैरी, आणि शेवटी पालक, ताक. श: शेपू, शेवगा, शेंगा, शाम्पू. र: रवा, राजमा, रताळं. जोडाक्षरं हवी असतील तर फ्लॉवर, ब्रेड, द्राक्षं, स्ट्रॉबेरी, पण ती अगदी शेवटी.

पेपरच्या पहिल्या पानावरही नजर टाका. 1932 पासून या शहरात निघणाऱ्या ‘सकाळ’च्या नावातच ळ आहे. ज्या घरी तो येतो तिथे रोज सकाळी मुलाने पेपर आणून आजोबांना द्यायचा आणि नाव सांगायचं, एवढा सराव झाला तरी एका शब्दाचा रतीब लागला.

दोन आवाजांत गोंधळ असेल तर एका आवाजाने अर्थ बदलणाऱ्या जोड्या घ्या. केळं-केलं, गाळ-गाल, वेळ-वेल, माळ-माल. त-क साठी ताप-काप, तार-कार. द-ग साठी दाणे-गाणे, दार-गार. पत्रकात कारची जाहिरात हमखास असते. तार घरातून खरी घ्या. मूल ‘तार’ म्हणालं की तुम्ही तार द्या. त्याला हवी होती कार. ते चिडेल, हसेल, पुन्हा म्हणून बघेल. ‘चुकलं’ हा शब्द तुम्हाला उच्चारावाच लागत नाही. मात्र हा खेळ मुलाचा मूड चांगला असतानाच.

गणपतीच्या दिवसांत एक गंमत करता येते. विसर्जनाच्या आदल्या दिवशी पेपरात मिरवणुकीचा क्रम आणि नकाशा छापून येतो. मानाचे पाच गणपती: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. आवाजांच्या दृष्टीने बघा. पहिला आणि पाचवा क ने, दुसरा आणि चौथा त ने, मधला ग ने. ‘क’चा ‘त’ आणि ‘ग’चा ‘द’ करणाऱ्या मुलासाठी याहून नेमकी यादी मुद्दाम बसवूनही मला करता आली नसती. पाच चित्रं कापा, जमिनीवर खडूने रस्ता काढा आणि मिरवणूक काढा. पहिला कोण, त्याच्यामागे कोण, शेवटी कोण, हे क्रमाचे शब्दही त्यातच येतात. ताशा तोंडाने वाजवायचा. शेजारी तक्रार करणार नाहीत, त्या आठवड्यात कोणी कोणाकडे तक्रार करत नाही.

‘क’चा ‘त’ करणं साडेतीन-चार वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांमध्ये आपोआप जातं. ‘र’ आणि ‘ळ’ उशिरा येतात. तीन वर्षांच्या मुलाला ‘र’ येत नाही म्हणून शिकार सुरू करू नका.

पाचवी पायरी: बाकीचे कागद

मेन्यूकार्डाला फार समजावून सांगायला नको. एकाने वेटर व्हायचं, एकाने गिऱ्हाईक. मुलाला दोन्ही व्हायचं असतं, होऊ द्या. वेटर झाला की प्रश्न विचारावे लागतात: काय हवं? किती? तिखट की कमी तिखट? आपण मुलांना दिवसभर प्रश्न विचारत असतो, पण त्यांना विचारायची पाळी येतच नाही.

बसचं तिकीटही तसंच. 2007 साली पीएमटी आणि पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली तरी घराघरांत ती अजून पीएमटीच आहे, आणि प-म-ट हे तिन्ही आवाज सोपे. तीन खुर्च्या ओळीने मांडा. ‘कुठे जायचंय?’ ‘स्वारगेट, दोन.’ ‘सुटे द्या.’ मेट्रो आवडणारं मूल असेल तर स्थानकांची यादी काढा. मार्च 2022 मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा सुरू झाला, त्यातच नळ स्टॉप आहे. ळ तिथेही भेटतो.

कॅलेंडरच्या पानावर काल काय केलं, आज काय करतोय, उद्या काय करणार याची तीन छोटी चित्रं चिकटवा. ‘गेलो, जातोय, जाणार’ हे वाक्यात आणायला याहून सोपी जागा नाही.

बिल्डरच्या माहितीपत्रकात फ्लॅटचा आराखडा असतो, वरून पाहिलेला: हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी, फर्निचरसकट. त्यावर बटणं ठेवायची. लाल बटण म्हणजे आजी, निळं म्हणजे बाबा. ‘आजी कुठे आहेत?’ ‘स्वयंपाकघरात.’ ‘मांजर?’ ‘पलंगाखाली.’ शेजारी, समोर, मागे, मध्ये, सगळे जागेचे शब्द इथे निघतात. त्या फ्लॅटची किंमत वाचून आपलं तोंड बंद होतं, निदान मुलाचं तरी उघडतं.

सारखी दोन पत्रकं मिळाली असतील तर मध्ये उशी उभी करा. एक पत्रक तुमच्याकडे, एक मुलाकडे. तुम्ही सांगायचं: ‘टोमॅटोभोवती गोल काढ. साबणावर फुली मार.’ मग मुलाने सांगायचं. शेवटी उशी काढून दोन्ही पत्रकं ताडून बघायची. सहा-सात वर्षांच्या मुलाला हा खेळ सोडवत नाही, आणि अर्धवट सांगितलं की समोरच्याचं चुकतं हे त्याला डोळ्यांनी दिसतं.

सहावी पायरी: आपण काय बोलायचं

माझ्या मते सगळ्यात अवघड पायरी हीच, कारण इथे मुलाला नाही, आपल्याला बदलायचंय. कागद समोर आला की मोठ्या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं: ‘हे काय आहे? सांग, सांग.’ ही परीक्षा झाली. उशिरा बोलणारं मूल परीक्षेला कंटाळलेलं असतं.

त्याऐवजी चित्राबद्दल काहीतरी बोला आणि थांबा. ‘अरे वा, कणीस!’ आणि गप्प. मनातल्या मनात दहा अंक मोजा. दहा सेकंद फार लांब वाटतात, आजीला तर असह्य होतात. पण काही मुलांना शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतोच. मुलाने जे म्हटलं त्यात एक शब्द घालून परत द्या. एखाद्या घरात नातवंड आणि आजी यांच्यात ते असं दिसतं:

‘केलं.’
‘हो, केळं. पिवळं केळं.’
‘पिवलं केलं.’
‘पिवळं केळं सोलूया का? आण बरं, टोपलीत आहे.’

आजीने ‘केलं नाही, केळं म्हण’ असं एकदाही म्हटलं नाही. बरोबर उच्चार मात्र तीनदा ऐकवला, आणि शेवटी खरं केळं मध्ये आणलं. एवढंच करायचंय. दिवसातून दोनदा, पाच-सात मिनिटं. मुलाने पत्रक भिरकावलं की वेळ संपली.

भाषेचं काय?

शाळा इंग्रजी माध्यमाची, घर मराठी, सांभाळणाऱ्या ताई हिंदी बोलणाऱ्या, हे पुण्यात आता नेहमीचं झालं आहे. ‘डॉक्टर, एकच भाषा ठेवू का?’ असं विचारून लोक घरची मराठी बंद करतात आणि मोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलू लागतात. तसं करू नका. दोन भाषांमुळे बोलणं रखडत नाही. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, गोष्ट सांगता, त्याच भाषेत पत्रक हातात घ्या. पत्रकावर ‘पोटॅटो’ छापलं असलं तरी घरी बटाटा म्हणत असाल तर तो बटाटाच.

घरातली मराठी कुठली हेही बघा. विदर्भातून किंवा मराठवाड्यातून आलेल्या घरात ‘पानी’, ‘लोनचं’ म्हणत असतील, वऱ्हाडी आजी ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणत असतील, तर मुलाने तसं म्हणणं हा दोष नाही. ती त्याच्या घरची बोली आहे. नव्या थेरपिस्टांनो, तपासणीच्या कागदावर चूक मांडण्याआधी आई-वडिलांचं बोलणं पाच मिनिटं ऐका.

मूल अडखळत, तोतरं बोलत असेल तर आवाजांची शिकार त्याच्यासाठी नाही. त्याला पत्रक मोठ्याने वाचायला लावणं, पाहुण्यांसमोर म्हणायला लावणं, घड्याळ लावणं हे टाळा. मेन्यूकार्डाचा निवांत खेळ चालेल, बाकी थेरपिस्टला विचारून.

सातवी पायरी: कागदावरून बाजारात

आठवडाभर एक शब्द कागदावर पक्का झाला की चित्र खिशात घालून भाजीला जा. महात्मा फुले मंडई असो की कोपऱ्यावरची हातगाडी. चित्रासारखी वस्तू मुलाने शोधायची आणि मागायची. भाजीवाल्या मावशींना आधीच हळूच सांगून ठेवा की थोडं थांबा, तो बोलेल. संध्याकाळच्या गर्दीत हे करू नका, सकाळी जा. पहिल्या खेपेला मूल पायामागे लपेल. मग तुम्हीच मागा, त्याला पैसे देऊ द्या.

घरी आलात की खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख आणि तीन गोष्टी लिहा: कोणता शब्द न सांगता आला, कोणता आपल्यामागून म्हटला, कोणता अजून नुसता बोटाने दाखवतो. जे शब्द न सांगता येऊ लागले त्यांची चित्रं खोक्यातून काढून टाका, नाहीतर मूल सोप्याच चित्रांशी खेळत बसतं. थेरपिस्टकडे जाताना ते झाकण आणि उरलेली चित्रं पाकिटात घालून न्या, किंवा मोबाइलवर फोटो काढा. ‘घरी करतो आम्ही’ यापेक्षा त्या तीन ओळींवरून पुढच्या महिन्याचं काम फार नेमकं ठरतं.